निवडणुकीत धंद्याचा पैसा: देणगी, बिल आणि 'आपसातलं' यातला फरक



निवडणूक जाहीर झाली की आपल्या दुकानात, वर्कशॉपमध्ये, गोडाऊनवर एक ठरलेला संवाद होतो. दोन-तीन कार्यकर्ते येतात, चहा होतो आणि मग विषय निघतो.

"शेठ, साहेबांनी तुमचं नाव घेतलंय. पंचवीस हजार धरलेत."

"पावती मिळेल ना?"

"पावती कसली शेठ, आपसातलं आहे. बघून घेऊ."

या विषयावरचा व्हिडिओ टाकल्यावर सगळ्यात जास्त प्रश्न याच "बघून घेऊ" वर आले. कोणी विचारलं, सर, नाही म्हणता येत नाही, काय करू? कोणी विचारलं, दिले तर टॅक्समध्ये सूट मिळते का? एका मंडपवाल्याने लिहिलं की मागच्या निवडणुकीचे पैसे अजून आलेले नाहीत. व्हिडिओत सगळं बसलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

कोणाला द्या, कोणाला देऊ नका, हे मी सांगणार नाही. तो तुमचा प्रश्न. मला सांगायचंय ते एवढंच: या विषयातले जवळपास सगळे नियम एका गोष्टीसाठी आहेत, पैशाचा माग राहावा. आणि तो माग छोट्या व्यावसायिकाला अडकवत नाही, वाचवतो. ज्या पैशाला कागद नाही तो पैसा अडचणीच्या दिवशी कोणाचाच नसतो. अडचण मात्र तुमची असते.

आधी स्वतःला विचारा: मी इथे कोण आहे?

निवडणुकीत धंदेवाल्याचा पैसा तीन वाटांनी जातो किंवा येतो.

१. तुम्ही देणगीदार आहात. पक्षाला किंवा उमेदवाराला पैसे देताय.

२. तुम्ही पुरवठादार आहात. मंडप, खुर्च्या, जेवण, गाड्या, छपाई, साऊंड पुरवताय आणि पैसे घेणार आहात.

३. तुम्ही परस्पर खर्च करताय. म्हणजे "साहेबांच्या वतीने" स्वतःच्या खिशातून बॅनर लावला, हॉल बुक केला, जेवण घातलं.

तिन्ही वाटांचे नियम वेगळे. गोंधळ होतो तो या तिघांची सरमिसळ केल्यामुळे. मंडपवाला अर्धे पैसे सोडून देतो आणि म्हणतो, "देणगी समजा." आता ती देणगी आहे का? पावती आहे का? बिल किती रकमेचं फाडलं? कोणालाच माहीत नसतं.

वाट पहिली: देणगी

समजा तुमची प्रोप्रायटरशिप आहे, भागीदारी फर्म आहे किंवा एलएलपी आहे. आयकर कायद्याच्या कलम ८०जीजीसी खाली राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची १०० टक्के वजावट मिळते. पण चार अटी लक्षात ठेवा.

पहिली अट: रोख चालत नाही. चेक, एनईएफटी, यूपीआय, काहीही चालेल, पण बँकेतून. रोख दिलेल्या रकमेवर वजावट शून्य.

दुसरी: पक्ष लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली नोंदलेला हवा. (इलेक्टोरल ट्रस्टला दिलेली देणगीही चालते.) उमेदवाराला व्यक्तिशः दिलेले पैसे यात बसत नाहीत. "साहेबांच्या खात्यावर टाका" म्हटलं की वजावट विसरा.

तिसरी, आणि हे खूप जणांना माहीत नाही: तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट मिळतच नाही. हल्ली काहीही निवडलं नाही तर नवी प्रणालीच लागू होते. म्हणजे "टॅक्स वाचेल" या आशेने देणगी देणाऱ्या बऱ्याच जणांचा एक रुपयाही वाचत नाही.

चौथी: रिटर्नमध्ये आता नुसती रक्कम टाकून भागत नाही. तारीख, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, बँकेचा आयएफएससी कोड हे सगळं विचारलं जातं.

आणखी एक सूचना. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा आहे, त्यामुळे पुढच्या कागदांवर कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. सीएकडे जाताना "८०जीजीसी" पाठ करण्यापेक्षा "पक्षाला दिलेली देणगी" असं सरळ सांगा.

पक्षाच्या बाजूने काय नियम आहेत?

हे आपल्याला का माहीत हवं? कारण समोरचा पावती का टाळतोय ते यातून कळतं.

पक्षाच्या उत्पन्नावर आयकर माफ असतो, कलम १३अ खाली. पण त्यासाठी पक्षाने हिशेब ठेवायचे, ऑडिट करायचं, वेळेत रिटर्न भरायचं आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीत घ्यायची नाही. २०१७ पासून ही २,००० ची अट आहे. म्हणजे पंचवीस हजार रोख मागणारा कार्यकर्ता त्याच्याच पक्षाची करमाफी धोक्यात घालतोय. हे त्याला शांतपणे सांगा. "भाऊ, दोन हजारांच्या वर रोख तुम्हालाच चालत नाही. खात्याचा नंबर द्या, आत्ता टाकतो." बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो.

दुसरा नियम: वर्षभरात २०,००० पेक्षा जास्त देणाऱ्यांची यादी पक्षाने निवडणूक आयोगाला द्यायची असते. ती लोकांना पाहता येते. आता इथे व्यापाऱ्याची खरी भीती येते. "सर, नाव बाहेर आलं तर दुसऱ्या पक्षाचे लोक त्रास देतील." भीती खोटी नाही. याच भीतीचं कारण देऊन २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले होते. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, नाव गुप्त. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना रद्द केली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचं पीठ होतं. न्यायालयाचं म्हणणं असं की पक्षाला पैसा कुठून येतो हे कळणं हा मतदाराचा अधिकार आहे. पुढच्याच महिन्यात रोखे घेणाऱ्यांची आणि वटवणाऱ्यांची माहिती आयोगाच्या वेबसाइटवर आली.

धंदेवाल्याने यातून काय घ्यायचं? गुप्त राहील असं सांगून घेतलेला पैसाही एक दिवस बाहेर येतो. म्हणून जो आकडा उद्या पेपरात छापून आला तरी तुम्हाला चालेल, तेवढाच द्या. वर्षाला २०,००० पर्यंतच्या देणगीदाराचं नाव त्या यादीत देण्याची सक्ती नाही. मनात भीती असेल तर रक्कम लहान ठेवा, पण बँकेतूनच द्या.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर

इथे कंपनी कायदा २०१३ चं कलम १८२ लागतं आणि ते जास्त कडक आहे.

- कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली नसतील तर पक्षाला देणगी देताच येत नाही.
- देणगीसाठी संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव हवा. दोघंच संचालक, नवरा-बायको असलात तरी हवा.
- पैसे चेक, ड्राफ्ट किंवा बँक ट्रान्सफरनेच.
- मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा.

ही शेवटची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती. रोख्यांच्या त्याच निकालात न्यायालयाने ती दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात न दाखवण्याची मुभाही त्याबरोबर गेली.

हिशेब सोपा आहे. मागच्या तीन वर्षांचा नफा ८ लाख, १० लाख, १२ लाख. सरासरी १० लाख. साडेसात टक्के म्हणजे ७५,०००. वर्षभरात सगळे पक्ष मिळून एवढंच. नियम मोडला तर कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. छोट्या कंपनीत "जबाबदार अधिकारी" म्हणजे तुम्हीच.

अजून एक फसगत: पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात. "देणगी नको शेठ, अर्ध्या पानाची जाहिरात द्या." ती तुम्ही जाहिरातखर्च म्हणून धंद्यातून वजा करायला गेलात तर आयकर कायदा नाही म्हणतो. आणि कंपनी असेल तर तीसुद्धा देणगीतच मोजली जाते, म्हणजे ठराव आणि मर्यादा आलीच.

कंपन्यांच्या देणगीचा हा वाद नवा नाही बरं का. १९५७ साली टाटा स्टील आपल्या घटनापत्रात पक्षांना देणगी देण्याची तरतूद घालायला मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली, पण मोठ्या उद्योगांचा पैसा लोकशाहीचा गळा घोटू शकतो असा इशाराही दिला. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. १९८५ मध्ये ती उठली आणि मर्यादा लागली.

"लाख द्या, कमिशन कापून परत घ्या"

हा वेगळा परिच्छेद मुद्दाम लिहितोय, कारण मार्च महिन्यात हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. कोणीतरी एजंट सांगतो, अमुक पक्षाच्या खात्यात एक लाख टाका, पक्की पावती घ्या, चार-पाच टक्के कापून बाकीची रक्कम रोख परत. तुमचा टॅक्स वाचला, आमचं कमिशन सुटलं.

हिशेब करून बघू. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. एक लाखावर सेससह टॅक्स ३१,२००. तेवढा "वाचला". पकडलं गेलं तर हे चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवणं ठरतं आणि त्याला टॅक्सच्या २०० टक्के दंड आहे. म्हणजे ३१,२०० टॅक्स, ६२,४०० दंड. झाले ९३,६००. वर व्याज. वर एजंटचं कमिशन. एकतीस हजारांसाठी लाखाचा खड्डा.

पकडलं जातं का? जातं. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटींवर देशभर कारवाई केली, त्यात ८०जीजीसी होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगाने सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले ३३४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले आणि पुढच्या महिन्यात आणखी काढले. म्हणून देणगीआधी आयोगाच्या वेबसाइटवर पक्षाचं नाव आहे का बघा. आणि ज्या पक्षाचं नाव तुम्ही फक्त एजंटच्या तोंडून ऐकलंय, त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

वाट दुसरी: तुम्ही माल किंवा सेवा पुरवताय

आता मंडपवाले, केटरर, ट्रॅव्हल्सवाले, प्रिंटर, साऊंडवाले यांच्याकडे येऊ.

लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख खर्च करता येतो. गोव्यात हेच आकडे ७५ लाख आणि २८ लाख. महापालिका, जिल्हा परिषद यांच्या मर्यादा राज्य निवडणूक आयोग वेगळ्या ठरवतो, त्या त्या वेळचा आदेश बघावा लागतो. पक्षाच्या स्वतःच्या खर्चावर मात्र मर्यादा नाही.

इथेच तुमची गोची होते. उमेदवाराला मर्यादेत राहायचंय, म्हणून तो म्हणतो, "बिल कमी रकमेचं द्या, वरचे रोख देतो." किंवा "बिलच नको." पण जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, गाडी यांचे दर आधीच ठरवलेले असतात. आयोगाची टीम सभेचं व्हिडिओ शूटिंग करते आणि खुर्च्या मोजून स्वतःचा हिशेब लिहिते. त्यामुळे तुमचं कमी रकमेचं बिल त्याला वाचवत नाही. पण त्यावर सही तुमची असते.

लोकसभा-विधानसभेला लागू असलेले, पुरवठादाराने पाठ करावेत असे तीन नियम:

- उमेदवाराने अर्ज भरण्याआधी निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडायचं असतं. खर्च त्यातूनच.
- संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा एका फर्मला मिळून १०,००० पेक्षा जास्त रक्कम रोखीत द्यायची नाही. रोज दहा हजार नाही, पूर्ण निवडणुकीत दहा हजार.
- निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने हिशेब सादर करायचा. तो योग्य कारणाशिवाय दिला नाही तर आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

हा तिसरा नियम वसुलीसाठी तुमच्या कामाचा आहे. त्या ३० दिवसांत उमेदवारालाही तुमच्या बिलाची गरज असते. ती मुदत गेली, त्यात तो पडलेला असला, तर फोन उचलला जाणं कठीण. म्हणून बिल सभेच्या दुसऱ्याच दिवशी पोचवा आणि पोच घ्या.

आणि ऑर्डर कोणाची हे आधीच लिहून घ्या. उमेदवाराची की पक्षाची? "साहेबांचं काम आहे" ही ऑर्डर नाही. ज्या कार्यकर्त्याने फोन केला तो पैसे देणार नसतो. साध्या कागदावर तारीख, काम, दर, पैसे कोण देणार आणि त्याची सही. अ‍ॅडव्हान्स निवडणूक खात्यातून आला की समजा काम पक्कं.

आयकराची वेगळी अट आहेच: एका दिवसात एका माणसाकडून किंवा एकाच कार्यक्रमासाठी दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. घेणारा म्हणजे तुम्ही.

प्रिंटिंग प्रेसवाल्यांनी हे जरूर वाचा

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ खास तुमच्यासाठी आहे. निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. छापून घेणाऱ्याकडून सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोन जणांच्या सह्या घ्यायच्या. छपाईनंतर घोषणापत्राची प्रत आणि छापलेला नमुना जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. (राजधानीच्या शहरात छापलं तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.) हे केलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रात्री अकरा वाजता पेनड्राइव्ह घेऊन आलेला मुलगा म्हणतो, "खाली नाव टाकू नका दादा, डिझाइन बिघडतं." डिझाइन बिघडलेलं परवडतं. पत्रकात काही वावगं असेल तर तो मुलगा सापडणार नाही, तुमचं मशीन सापडेल.

वाट तिसरी: परस्पर खर्च

ही सगळ्यात निरुपद्रवी वाटते. मित्र उभा आहे, म्हणून तुम्ही चौकात तुमच्या दुकानाच्या नावासकट बॅनर लावला. प्रेमाने केलंत. पण उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक यावर खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे, दंड १०,००० पर्यंत. परवानगी घेतली तर तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो, आणि मर्यादेच्या जवळ पोचलेल्या मित्राला ते नको असतं. मदत करायचीच असेल तर पक्षाला बँकेतून देणगी द्या आणि पावती घ्या. मैत्रीही राहते, कागदही राहतो.

आचारसंहितेत रोख घेऊन फिरताना

देणगीशी तुमचा संबंध नसला तरी हे लागू पडतं. नाक्यावर गाडी तपासतात. मार्केट यार्डातून वसुली घेऊन येणारा व्यापारी तिथे अडकतो. बँकेची पैसे काढल्याची स्लिप, विक्रीची बिलं, व्यवसायाचा पुरावा सोबत ठेवा. रक्कम जप्त झालीच, तर ज्या पैशाचा निवडणुकीशी संबंध नाही तो परत करण्यासाठी जिल्हा स्तरावर अधिकाऱ्यांची समिती असते. तिच्याकडे कागद घेऊन जा. इथेही तेच. कागद असेल तर पैसा तुमचा.

मग "शेठ, पंचवीस हजार" ला उत्तर काय?

बॅचमध्ये मी हे एक वाक्य सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतो. तुम्हीही म्हणा:

"देतो ना. पक्षाचा खाते नंबर, पॅन आणि पावती पाठवा, जमेल तेवढे आजच ट्रान्सफर करतो."

यात नकार नाही. कोणाचा अपमान नाही. रक्कम तुम्ही ठरवता. आणि ज्याला खरोखर पक्षासाठी पैसे हवेत तो दहा मिनिटांत नंबर पाठवतो. ज्याला स्वतःसाठी हवे असतात, तो "बघून घेऊ" म्हणून निघून जातो. जाऊ द्या.

तुमच्या आकड्यांसाठी तुमच्या सीएशी बोला, कारण प्रत्येकाची करप्रणाली आणि फर्मचा प्रकार वेगळा असतो. प्रश्न असतील तर व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. फक्त एक विनंती: पक्षाचं आणि साहेबांचं नाव लिहू नका. आपल्याला धंदा शिकायचाय, भांडायचं नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत पावती पुस्तक जपून ठेवा.